आईबाबांची औषधं परदेशात नेताना आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईबाबा डोंबिवलीहून निघून चार दिवस दुबईत तुमच्या बहिणीकडे थांबणार आणि तिथून भावाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणार. आईंना मधुमेह आहे. इन्सुलिनचं पेन, मेटफॉर्मिन, बीपीची गोळी आणि ‘नसांची व्हिटॅमिनची गोळी’ चालू आहे. बाबांना कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल, रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम आणि कोलेस्टेरॉलची गोळी आहे. शिवाय खोकल्याचं सिरप, पोटाचं चूर्ण, थोडा फराळ. तुम्ही विचारलंय की सहा महिन्यांची औषधं एकदम नेता येतील का, जागा वाचवायला गोळ्या स्ट्रिपमधून काढून डब्यांत भरल्या तर चालतील का, आणि कस्टम्समध्ये आपणहून दाखवायच्या की कुणी विचारलं तरच.

मी फार्मासिस्ट आहे, दादर पश्चिमेला माझं औषधांचं दुकान आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास मुलांकडे निघालेले आईवडील यादी घेऊन येतातच. जवळजवळ सगळे पहिल्यांदा ‘किती न्यायची’ हेच विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. कोणती न्यायची हा पहिला. दहा-बारा औषधांच्या पिशवीत नऊ-दहा औषधांकडे जगातला कुठलाही कस्टम्स अधिकारी ढुंकून बघत नाही. अडचण एखाद-दोन स्ट्रिपमध्ये असते, आणि ती स्ट्रिप नेमकी कोणती हे घरच्यांना माहीत नसतं. म्हणून सगळी औषधं टेबलावर मांडा, प्रत्येक स्ट्रिप उलटी करा आणि ब्रँडचं नाव सोडून खालचे घटक वाचा.

तुमच्या यादीतलं क्लोनाझेपाम आणि ट्रामाडॉल तुम्हालाही खटकलेलं दिसतंय, ते बरोबरच आहे. दोन्ही आपल्याकडे एनडीपीएस कायद्याखाली येतात. हा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, आणि ट्रामाडॉल २०१८ पासून त्यात आहे. अशा औषधांच्या स्ट्रिपवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ छापलेलं असतं. नुसतं ‘आरएक्स’ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असं औषध. पुढे ‘एन’ लागला की समजायचं, हे औषध सीमेवर वेगळ्या नजरेनं पाहिलं जाणार.

पण मला जास्त काळजी आईंच्या ‘व्हिटॅमिनच्या गोळी’ची वाटते. मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात. त्यावर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी मिथिलकोबालामिन आणि प्रीगाबालिन यांच्या मिश्रणाची असते. मिथिलकोबालामिन म्हणजे बी-१२, म्हणून पेशंट तिला व्हिटॅमिनची गोळी म्हणतो आणि मुलंही तेच नाव उचलतात. त्यातलं प्रीगाबालिन मात्र दुबईत नियंत्रित औषध आहे. ब्रिटनमध्येही एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित आहे आणि अमेरिकेतल्या नियंत्रित औषधांच्या पाचव्या वर्गात आहे. आपल्या स्ट्रिपवर मात्र ‘एनआरएक्स’ दिसत नाही. म्हणजे लाल अक्षरांची खूण उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. आईंची स्ट्रिप आजच उलटी करून पाहा. प्रीगाबालिन नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. असेल तर दुबईच्या परवानगीत तिचं नाव आलंच पाहिजे.

खोकल्याच्या सिरपमध्ये कोडिन (अफूच्या गटातलं औषध) आहे का तेही पाहा. असेल तर ती बाटली घरीच ठेवा, साधं सिरप न्या. जुलाबाच्या गोळीत डायफिनॉक्सिलेट असेल तर तीही नको, लोपेरामाइड चालतं. ही दोन औषधं पर्याय असताना नेण्यात मला काहीच अर्थ वाटत नाही.

आता दुबई. तुमच्या प्रवासातला सगळ्यात कडक टप्पा हाच आहे, आणि लोक अमेरिकेची भीती बाळगून इथे बेसावध राहतात. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषध नेण्यासाठी तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. अर्ज सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. त्याला पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि आजाराची माहिती देणारं पत्र जोडायचं. आईंचा अर्ज आईंच्या नावानं आणि बाबांचा बाबांच्या नावानं करा, एकत्र नको. मंजुरी आली की छापून घ्या. फोन बंद पडला किंवा तिथलं वायफाय लागलं नाही तर कागद हातात असावा. ‘आम्ही विमानतळाबाहेर पडणारच नाही, नुसतं विमान बदलणार’ असं असलं तरी मी परवानगी घ्यायलाच सांगते, कारण विमानतळाच्या आतही कायदा त्याच देशाचा असतो. तुमचे आईबाबा तर चार दिवस राहणार आहेत, त्यामुळे इथे पर्यायच नाही.

भारतातल्या डॉक्टरांनी दिलेलं, इथे कायदेशीर विकत घेतलेलं औषध दुसऱ्या देशात गुन्हा कसं ठरू शकतं, असं बाबा तुम्हाला विचारतील. २०१७ मध्ये एक ब्रिटिश महिला आपल्या इजिप्तमधल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या २९० गोळ्या घेऊन गेली. ब्रिटनमध्ये ट्रामाडॉल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, इजिप्तमध्ये तिच्यासारख्या प्रवाशानं ते असं नेण्यावर बंदी. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. जपानमध्ये २०१५ मध्ये एका बड्या मोटार कंपनीच्या वरिष्ठ अमेरिकन अधिकारी ऑक्सिकोडोन हे कडक वेदनाशामक टपालानं मागवल्यामुळे अटकेत गेल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं. या गोष्टी बाबांना घाबरवायला सांगू नका. त्यांच्या गोळीत खोट नाही, प्रत्येक देशाची यादी वेगळी आहे, एवढं त्यांना पटलं की पुढचं सोपं होतं.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे वळू. इथे आपल्या देशाचाच एक नियम आहे जो डॉक्टरही अनेकदा विसरतात. एनडीपीएस नियमांनुसार झोपेच्या किंवा मनावर परिणाम करणाऱ्या तत्सम (सायकोट्रॉपिक) औषधाच्या एका वेळी जास्तीत जास्त १०० गोळ्या माणूस स्वतःच्या उपचारासाठी जवळ बाळगू शकतो. दीर्घकाळ उपचार चालू असेल आणि डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ही मर्यादा ३०० पर्यंत जाते. बाबांची क्लोनाझेपाम रोज एक धरली तर सहा महिन्यांच्या १८० गोळ्या झाल्या. म्हणजे ‘दीर्घकालीन उपचार’ आणि एकूण गोळ्यांचा आकडा चिठ्ठीवर नसेल तर मुंबईच्या विमानतळावर, अमेरिका अजून हजारो मैल दूर असतानाच, तुम्ही नियमाबाहेर जाता. ट्रामाडॉल दिवसातून दोन वेळा असेल तर १०० चा आकडा पन्नास दिवसांतच गाठला जातो.

म्हणून माझा आग्रह आहे की बाबांच्या डॉक्टरांची भेट नुसती चिठ्ठी लिहून घेण्यासाठी घेऊ नका. ट्रामाडॉल आणि क्लोनाझेपाम ही जोडी वयस्कर माणसाला एकत्र देणं हाच मुळात विचार करण्यासारखा विषय आहे. अशा वेदनाशामकांसोबत झोपेच्या या गटातली औषधं घेतली तर श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१६ मध्ये या दोन्ही गटांच्या वेष्टनांवर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला तो यासाठीच. कंबरदुखी आता पूर्वीइतकी नसेल तर ट्रामाडॉल कमी करता येईल का, दुसरं काही चालेल का, हे विचारा. कित्येकदा डॉक्टर म्हणतात, ‘अहो, हे मी दोन आठवड्यांसाठी दिलं होतं, अजून चालूच आहे का?’ मुंबईत मेडिकलवाल्यानं जुन्या चिठ्ठीवर देत राहावं आणि पेशंटनं घेत राहावं, हे आमच्या धंद्यात घडतं आणि ते थांबायला हवं. पण एक गोष्ट मनावर घ्या. क्लोनाझेपाम आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही. प्रवासाची कटकट नको म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात गोळी सोडली तर झोप उडणं, थरथर, प्रसंगी फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. कमी करायचं तर डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू. म्हणूनच प्रवासाच्या दीड महिना आधी ही भेट व्हायला हवी.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे. एफडीएचं साधारण धोरण असं की स्वतःच्या वापरासाठी ९० दिवसांपर्यंतचा साठा आणावा. सहा महिन्यांची औषधं घेऊन जाणारे आणि काही न विचारता बाहेर पडणारे तुमच्या ओळखीतही असतील. मी ते नाकारत नाही. पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि आईबाबांना त्या मर्जीवर सोडावं असं मला वाटत नाही. मेटफॉर्मिन, बीपी, कोलेस्टेरॉल या साध्या औषधांचा तीन महिन्यांचा साठा न्या. पुढच्या तीन महिन्यांसाठी दोन रस्ते आहेत. परदेशी पाहुणा ९० दिवसांहून जास्त राहत असेल तर त्याला घरून औषध पाठवायला एफडीए वाव देते. पार्सलसोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, प्रिस्क्रिप्शन, व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती लागतात. दुसरा रस्ता म्हणजे तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून तिथूनच घेणं. मेटफॉर्मिन किंवा बीपीच्या अॅम्लोडिपिनसारख्या जुन्या औषधांची जेनेरिक तिथे विम्याशिवायही परवडणारी असतात, फक्त डॉक्टरांची फी भरावी लागते. क्लोनाझेपाम, ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन मात्र पार्सलनं अजिबात पाठवू नका. नियंत्रित औषध टपालानं मागवणं तिथे बेकायदेशीर आहे आणि पार्सलवर नाव तुमच्या भावाचं असणार. ही औषधं पुढे लागणार असतील तर भावानं आईबाबा पोचल्यावर पहिल्या महिन्यातच तिथल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी, कारण नवीन पेशंटला लवकर तारीख मिळत नाही.

कागदपत्रांबद्दल मी थोडी हट्टी आहे. डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, शक्यतो टाइप केलेलं असावं. त्यात आजार, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव (म्हणजे घटकाचं), ताकद, दिवसातून किती वेळा, किती महिन्यांसाठी आणि एकूण किती गोळ्या हे हवं. खाली सही, शिक्का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. ब्रँडचं नाव कंसात आलं तर उत्तम, कारण स्ट्रिपवर तेच मोठ्या अक्षरांत असतं. पण नुसतं ब्रँडनाव कामाचं नाही, आपले ब्रँड तिथे कुणाला माहीत नसतात. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावानं विकलं जातं.

नावाचा घोळ फार होतो. पासपोर्टवर आईंचं स्वतःचं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही असतं. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘मिसेस’ आणि पुढे आडनाव, की झालं. काही चिठ्ठ्यांवर तर नुसतं ‘आजी, वय ६८’. डॉक्टर तीस वर्षं ओळखतात म्हणून इथे चालतं. दुबईच्या अधिकाऱ्यासाठी ती चिठ्ठी कुणाचीही असू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पासपोर्टची झेरॉक्स न्या आणि नाव अक्षरनअक्षर तसंच लिहून घ्या. औषधाच्या बिलावरही तेच नाव घ्यायला सांगा. आम्ही बिलात बॅच नंबर टाकतो, तो स्ट्रिपवरच्या बॅचशी जुळला पाहिजे. घरातल्या जुन्या स्ट्रिपा आणि नवीन बिल अशी सरमिसळ करू नका. जुन्या इथेच संपवा.

आता डब्यांचा प्रश्न. नाही, गोळ्या काढून डब्यात भरू नका. अमेरिकेत दुकानदार बाटलीवर पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि डोस छापून देतो, त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात ‘मूळ वेष्टन’ म्हणजे ती बाटली. आपल्याकडे पेशंटच्या नावाची बाटली नसते. आपलं मूळ वेष्टन म्हणजे स्ट्रिप, आणि नावाचं काम चिठ्ठी आणि बिल करतात. स्ट्रिप गेली की गोळीला नाव उरत नाही, मुदत उरत नाही, कंपनी उरत नाही. पांढरी गोल गोळी हातात घेऊन ती बीपीची आहे हे कोण कसं सिद्ध करणार? माझ्या एका गिऱ्हाईक काकांनी सगळ्या गोळ्या स्टीलच्या डबीत एकत्र नेल्या होत्या. त्यांना एका परदेशी विमानतळावर बराच वेळ बसवून ठेवलं, शेवटी मुलानं इथून चिठ्ठीचे फोटो पाठवल्यावर सोडलं. त्यांच्या डबीत एकही नियंत्रित गोळी नव्हती. प्रवासाच्या दिवसापुरत्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्रीच्या डबीत काढून ठेवायला हरकत नाही, बाकी सगळं स्ट्रिपमध्येच. आणि आमच्यासारख्या दुकानदाराला सांगा की कात्रीनं कापलेली स्ट्रिप देऊ नकोस. औषधाचं नाव एका टोकाला आणि मुदत दुसऱ्या टोकाला असते, अर्ध्या स्ट्रिपवर दोन्ही सापडतीलच असं नाही. जागा वाचवायची असेल तर बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके फेकून द्या, स्ट्रिपा रबरबँडनं बांधा.

आईंची औषधं आईंच्या हँडबॅगेत आणि बाबांची बाबांच्या. नवराबायको एकाच पिशवीत सगळं भरतात आणि मग ‘ही गोळी कुणाची’ या प्रश्नाला दोघंही एकमेकांकडे बघतात. चेक-इन बॅगेत औषधं टाकायची वेळ आलीच तर फक्त साधी, आणि तीही अर्धीच. बॅग दुसऱ्या शहरात गेली तरी हातातल्या साठ्यावर काही आठवडे निघाले पाहिजेत. नियंत्रित औषधं कायम हातात, कागदांसोबत.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत नको. विमानाच्या पोटात तापमान फार खाली जाऊ शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. न उघडलेली पेनं थंड पिशवीत न्या, पण बर्फाच्या जेल पॅकला थेट चिकटू देऊ नका, मध्ये नॅपकिन गुंडाळा. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चार आठवडे टिकतं, तुमच्या ब्रँडचा कागद वाचून खात्री करा. दुबईत गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ते काही तासही ठेवू नका. बहिणीला आधीच सांगून ठेवा. न्यू जर्सीची रात्र म्हणजे आपला दिवस, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांचं इन्सुलिन कोणत्या वेळी घ्यायचं हे डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेसह लिहून घ्या. या एका चिठ्ठीची गरज कस्टम्सच्या कागदांइतकीच आहे.

सुया, जेल पॅक आणि सिरप हा खरं तर कस्टम्सचा विषय नाही, सिक्युरिटीचा आहे. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. मुंबईच्या टर्मिनल दोनवर सीआयएसएफचे जवान पाहतात ते विमानाच्या सुरक्षेसाठी. हँडबॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, पण औषधाला प्रिस्क्रिप्शन दाखवल्यावर सूट मिळते. ट्रेमध्ये औषधांची पिशवी वेगळी काढून ठेवायची आणि ‘इन्सुलिन आहे, सुया आहेत’ असं आधीच सांगायचं. आईंना व्हीलचेअर घेतली असेल तर सोबतचा मदतनीस घाईत असतो, म्हणून पिशवी आईंच्या मांडीवर असू द्या, सामानाच्या ढिगात नको. कस्टम्स मात्र उतरल्यावर, आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो: हे काय आहे, कुणाचं आहे, किती आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नियंत्रित औषध असेल तर आपणहून सांगायचं. ‘औषधं आहेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं नाही, साधी असली तरीही. सांगितलेली गोष्ट कागदांवर तपासली जाते. लपवलेली सापडली तर आधी खोटं बोलल्याचा प्रश्न उभा राहतो, औषधाचा नंतर. आईबाबांना इंग्रजीची भीती असेल तर दोनच वाक्यं पाठ करून घ्या, ‘माय मेडिसिन’ आणि ‘डॉक्टर्स लेटर’, आणि फाईल पुढे करायला सांगा. घरी एकदा बसून सराव करा. मी दुकानात ज्येष्ठांकडून तो करून घेते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखर उतरतो.

चूर्ण आणि फराळाबद्दल. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हँडबॅगेतली साधारण ३५० मिलिलिटरच्या डब्याहून जास्त पावडर अडवली जाऊ शकते, म्हणून चूर्ण चेक-इनमध्ये, कंपनीच्या सीलबंद डब्यात. वैद्यांनी कागदात बांधून दिलेल्या पुड्या नेऊ नका. आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक असं कस्टम्स मानत नाही, आणि सगळ्याच आयुर्वेदिक औषधांबाबत ते खरंही नाही. जातिफलादि चूर्णात भांग असते, कर्पूर रसात अफू असते. ही दोन्ही पोटाच्या तक्रारींवर दिली जातात, म्हणून तुमच्या पोटाच्या चूर्णाचं नाव नीट पाहा. भस्मं आणि रसकल्पांमध्ये (धातू घालून केलेल्या औषधांमध्ये) पारा-शिसं असण्यावरून अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू सापडले होते. भस्मं आणि रसकल्प इथेच राहू द्या.

आणि खसखस! दुबईत आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. आपण ती फराळात घालतो हे आपल्या लक्षातही राहत नाही. अनारशांवर ती असतेच, डिंकाच्या लाडवात असते, करंजीच्या सारणात असते. बहिणीसाठी चिवडा आणि चकल्या न्या. अनारसे तिनं डोंबिवलीला आल्यावर खावेत.

शेजारच्यांची पाकिटं घेऊ नका, हे मी जरा आवाज चढवूनच सांगते. तुमच्या सोसायटीत बातमी पसरली की आईबाबा दुबईमार्गे अमेरिकेला चाललेत, की ‘आमच्या मंदारच्या अॅलर्जीच्या गोळ्या तेवढ्या न्या हो’ असं कुणीतरी येणारच. प्रत्येक देशाची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या औषधांपुरती असते. दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या तुमच्या बॅगेत असल्या की ती सवलत लागू होत नाही. मुंबईच्या एका जोडप्याला २०१९ मध्ये नातलग बाईनं कतारला नेण्यासाठी पाकीट दिलं, त्यात सुमारे चार किलो चरस निघालं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती रद्द होऊन ते २०२१ मध्ये घरी परतले. त्यांचं बाळ तुरुंगात जन्मलं. देणारी घरचीच होती. आईबाबांना नाही म्हणायला संकोच वाटेल, तर तुम्ही म्हणा. सरळ सांगा की डॉक्टरांनी आणि केमिस्टनं मनाई केलीय. माझं नाव पुढे करा, माझी हरकत नाही.

इतर देशांना निघालेल्यांसाठी धावतं सांगते. ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांपर्यंतचा साठा चालतो, पण उतरताना भरायच्या कार्डावर औषधं जाहीर करायची. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिन्यांहून कमी असेल तर डॉक्टरांचं पत्र पुरतं, त्यापुढे परवाना लागतो. सिंगापूरमध्ये काही औषधांना आधी मंजुरी लागते. जपानमध्ये चिठ्ठीची औषधं एक महिन्यापर्यंत, त्याहून जास्त असतील किंवा इंजेक्शनं जास्त असतील तर आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि स्यूडोएफिड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी तिथे नेताच येत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढल्यावर त्या देशाच्या आरोग्य खात्याचं किंवा दूतावासाचं पान स्वतः उघडून वाचा. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरही देशवार माहिती असते. माझ्या या उत्तराचा स्क्रीनशॉट अधिकाऱ्याला दाखवून उपयोग नाही.

तुमच्यासाठी या आठवड्यातली दोनच कामं आहेत. स्ट्रिपांचे मागच्या बाजूचे फोटो काढून यादी करा, आणि बाबांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. त्यांनी औषधं कायम केली की लगेच दुबईचा अर्ज भरा, त्याआधी नको, कारण डोस बदलला तर अर्ज पुन्हा करावा लागेल. प्रवासाच्या दहा दिवस आधीपर्यंत मंजुरी आली नाही तर ‘बघू, कोण विचारतंय’ म्हणून निघू नका. ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिनला पर्याय निघतो का हे डॉक्टरांना विचारता येईल, पण तो बदल काही दिवस घरीच करून पाहायला हवा. क्लोनाझेपाम इतक्या कमी वेळात सुटणार नाही. अशा वेळी दुबईचा थांबा रद्द करून तो देश पूर्ण टाळणारं तिकीट काढा, आणि बहिणीलाच न्यू जर्सीला बोलवा. तिकीट बदलण्याचे पैसे जातील, ते जाऊ द्या.